सागरी सस्तन प्राणी आणि प्लास्टिक

देवमासे, डॉल्फिन, सील, डुगाँग (समुद्रगाय) हे प्राणी समुद्रात राहत असले, तरी फुप्फुसांनी श्वास घेतात. प्लास्टिकचा त्यांना होणारा अपाय बराचसा यातूनच उद्भवतो. तुटलेल्या किंवा टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात सापडलेल्या डॉल्फिनला वर येता आले नाही, की तो गुदमरून मरतो. मोठ्या देवमाशात जाळे ओढत नेण्याची ताकद असते, पण दोर कातडीत रुततो, भक्ष्य मिळेनासे होते आणि महिनोन्‌महिने खंगून तो मरतो. सीलच्या पिल्लाच्या गळ्यात पॅकिंगची पट्टी अडकली, तर पिल्लू वाढेल तशी ती मांसात शिरते. छायाचित्रांत पिशव्या झळकतात. जीव मात्र जाळी आणि दोरच अधिक घेतात.

पिशव्या गिळण्याचा धोका मुख्यतः खोल बुडी मारणाऱ्या जातींना असतो. अंधारात त्या प्रतिध्वनीवरून माकूळ (स्क्विड) शोधतात, आणि प्लास्टिकचा प्रतिध्वनी माकुळासारखाच येऊ शकतो. मार्च २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये मेलेल्या एका चोचवाल्या देवमाशाच्या पोटात सुमारे ४० किलो प्लास्टिक निघाले. देवमाशांना पाणीही भक्ष्यातूनच मिळत असल्याने असा प्राणी उपासमारीबरोबर तहानेनेही मरतो. गाळून खाणाऱ्या निळ्या देवमाशाच्या पोटात प्लास्टिकचे सूक्ष्मकण जातात ते मुख्यतः क्रिल या कोळंबीसारख्या इवल्या जिवांमार्फत. कॅलिफोर्नियालगतच्या २०२२ मधील अंदाजानुसार दिवसाला एक कोटी कणांपर्यंत.

पुण्याला अरबी समुद्र जवळ, पण शहराचा कचरा तिकडे वाहत नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला, की नदीपात्रातल्या पिशव्या मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे निघतात. मध्ये उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणे आहेत. तेव्हा पुण्यातल्या भिडे पुलाला अडकलेली पिशवी कोकणातल्या डॉल्फिनच्या पोटात शोधू नये. पुण्याचे प्लास्टिक अरबी समुद्राला मिळते ते ताम्हिणी घाटातून, शनिवार-रविवारी दिवेआगर-हरिहरेश्वर गाठणाऱ्या गाड्यांमधून. हंपबॅक डॉल्फिन आणि पाठीवर पर (फिन) नसलेले, डॉल्फिनसारखे पॉरपॉइज या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या मुखाशी वावरतात. मासेमारीची जाळीही तिथेच लागतात. अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ च्या अखेरीस सुरू केली. तिची मर्यादा २५,००० रुपये ठेवली होती.