सूज आली कशाला?

तात्यांच्या पायात उसाचा बुडखा घुसला तो मंगळवारी संध्याकाळी. खोडव्याला पाणी पाजत होते, पायात चप्पल नव्हती, आणि तोडणीला कोयत्याने तिरका छाटलेला बुडखा चिखलात दिसला नाही. घरी येऊन पाय धुतला, काकूंनी जखमेत हळद दाबली, वर फडकं बांधलं. बुधवारी रात्री ठणका सुरू झाला. गुरुवारी मी सांगलीहून वाळव्याला पोचले तेव्हा पाऊल घोट्याच्या वरपर्यंत सुजून चकाकत होतं. लालसर पट्टा नडगीकडे चढला होता, जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलं होतं. मी घोट्याशेजारी अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"पोरी, सूज उतरायची गोळी दे एखादी. बाकी काय न्हाय झालं," तात्या म्हणाले.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, औषधं देत नाही. त्यांना गाडीत घातलं आणि दवाखाना येईपर्यंत, सूज आली कशाला हे सांगत बसले. तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण सूज म्हणजेच आजार, ती घालवली की काम झालं, ही समजूत मला घरोघरी दिसते. त्यापायी माणसं उशिरा दवाखान्यात पोचतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली होती. त्यामागे काय घडतं ते कळायला मात्र बराच काळ जावा लागला. जखमेतून जिवाणू आत शिरले की तिथल्या पेशी रासायनिक हाका देऊ लागतात. जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त येतं, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, रक्तातला पातळ द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. आणि त्या सैल पडलेल्या भिंतींतून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अंग चोरून बाहेर पडतात.

या न्यूट्रोफिलांबद्दल मला विशेष माया आहे. आपल्या हाडांच्या मगजात त्या रोज सुमारे १०,००० कोटी तयार होतात, आणि रक्तात आल्यावर बहुतेक दिवसभराच्या आतच संपतात. एवढा खर्च शरीर का करतं? साधा हिशोब करून पाहा. ई. कोलायसारखा जिवाणू सोयीच्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. एका जिवाणूपासून ८ तासांत १ कोटी ६७ लाख. समोर अशी शर्यत असताना पहिल्या काही तासांतच कुणीतरी जागेवर हजर असावं लागतं. न्यूट्रोफिल जिवाणूला गिळते आणि आतल्या आत हायपोक्लोरस आम्ल तयार करून त्याला मारते. गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली की पाण्यात जे रसायन तयार होऊन जंतू मारतं, तेच हे. ते बनवणारं प्रथिन हिरव्या रंगाचं असतं, म्हणून पुवाला हिरवट झाक येते. पू म्हणजे मुख्यतः या कामी आलेल्या पेशीच. अवधाण येतं तेही याच धावपळीतून. पायाकडून येणारा लसीका द्रव जांघेतल्या गाठींत गाळला जातो, तिथे पेशींची संख्या झपाट्याने वाढते आणि गाठ फुगून दुखू लागते.

पण जिवाणू आत आला हे शरीराला कळतं कसं? हा प्रश्न बरीच वर्षं अडून बसला होता, आणि तो सुटला एका विचित्र उंदरामुळे.

ई. कोलाय, साल्मोनेला अशा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, नावाचा पदार्थ असतो. याच विषाला रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये एंडोटॉक्सिन म्हटलं होतं. आपलं शरीर त्याच्या बाबतीत कमालीचं हळवं आहे. ६० किलोच्या निरोगी माणसाला ताप भरायला एक ग्रॅमचे चाळीस लाख भाग करून त्यातला एक भाग शिरेतून दिला तरी पुरतो. शिरेतून द्यायच्या औषधांची एंडोटॉक्सिनसाठी तपासणी करावी लागते ती यासाठीच.

१९६०च्या दशकात प्रयोगशाळेतल्या उंदरांचा एक वाण सापडला. सी३एच/एचईजे हे त्याचं नाव. इतर उंदीर एलपीएसच्या ज्या मात्रेने मरतात ती टोचली तरी याला काही होत नसे. ताप नाही, रक्तदाब कोसळणं नाही. ऐकताना वाटेल, नशीबवान उंदीर. पण याच उंदराच्या अंगात थोडेसे जिवंत साल्मोनेला सोडले तर तो मरायचा, आणि इतर उंदीर तेवढ्याने मरत नसत. विष सोसणारा उंदीर संसर्गापुढे मात्र लुळा पडत होता. असं का व्हावं?

अमेरिकेतल्या डॅलस इथले डॉक्टर-संशोधक ब्रूस बॉयट्लर या उंदराच्या मागे लागले. त्याआधी १९८५ मध्ये त्यांनी उंदरांतलं टीएनएफ हे प्रथिन वेगळं केलं होतं. एलपीएस टोचल्यावर शरीरात जो हाहाकार होतो त्याला टीएनएफचा मोठा हातभार असतो, हे त्यातून कळलं. पण टीएनएफ ही पुढची पायरी होती. एलपीएसला पहिल्यांदा ओळखतं कोण, हे कळत नव्हतं. त्यासाठी या उंदराच्या गुणसूत्रावरचा बिघडलेला जनुक शोधायचा होता. १९९०च्या दशकात हे काम फार किचकट होतं. उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढवायच्या, प्रत्येकाला विष सोसतं का ते बघायचं आणि गुणसूत्राचा संशयित तुकडा तसूतसूने लहान करत न्यायचा. बॉयट्लर आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर पोल्टोराक यांनी यात पाच वर्षं घालवली. सप्टेंबर १९९८ मध्ये जनुक सापडला. त्यातल्या एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनातला एकच अमिनो आम्लाचा मणी बदलला होता, आणि तेवढ्याने उंदीर एलपीएसला बहिरा झाला होता.

हा जनुक होता टीएलआर-४, म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर ४. एलपीएसला ओळखणारं प्रथिन तो बनवतो. त्याचा भाऊबंद फळमाशीत आधीच सापडलेला होता. 'टोल' हा जनुक बिघडलेली माशी बुरशीच्या संसर्गाने मरते, हे फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये दाखवलं होतं. माशी आणि माणूस यांचा पहारा इतक्या जुन्या नात्यातला असावा, हे वाचून मी विद्यार्थिनी असताना कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते. बॉयट्लर आणि हॉफमन यांना २०११ मध्ये राल्फ स्टाइनमन यांच्यासह नोबेल मिळालं. माणसात असे टोलसारखे दहा पहारेकरी आहेत, आणि प्रत्येकाची ओळखीची खूण वेगळी. तात्यांच्या पायात जे बहुधा शिरले होते, त्या स्ट्रेप्टोकोकस-स्टॅफिलोकोकस मंडळींत एलपीएस नसतंच. त्यांच्या आवरणातल्या दुसऱ्या खुणा टीएलआर-२ वगैरे ओळखतात.

म्हणजे दाह झालाच नसता तर तात्यांची अवस्था त्या उंदरासारखी झाली असती. पाय सुजला नसता, ठणकला नसता, आणि जिवाणू निवांत वर चढले असते.

दाहाची दुसरी बाजूही खरी आहे. हीच हाक जखमेपुरती न राहता सगळ्या शरीरात घुमली तर सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू लागतात. याला सेप्सिस म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते, असा अंदाज आहे. मग हाकच दाबून टाकावी, असं संशोधकांनाही वाटलं. टीएनएफ अडवून पाहिलं, टीएलआर-४ अडवून पाहिलं. सेप्सिसच्या मोठ्या चाचण्यांत रुग्णांचा जीव त्याने वाचला नाही. टीएनएफ अडवणारी औषधं संधिवातात मात्र फार कामी आली. पण ती घेणाऱ्या काहींच्या शरीरात दबून असलेला क्षयरोग उसळतो. म्हणून आपल्याकडे ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. क्षयाच्या जंतूभोवती पेशींनी बांधलेलं कुंपण टीएनएफच्या जोरावर उभं असतं.

हळदीबद्दल सांगलीकराने बोलायचं म्हणजे जपूनच बोलावं लागतं. हरिपूरची पेवं, मार्केट यार्डातले सौदे, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, या सगळ्याचा मलाही अभिमान आहे. हळदीतलं कर्क्युमिन काचेच्या बशीतल्या पेशींत दाहाचे संदेश रोखतं, हेही खरं. पण पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं, आणि डब्यातली हळद निर्जंतुक नसते. खोल जखमेत ती दाबली की माती, धूळ आणि असतील ते जंतू आत कोंडले जातात. शेतातल्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात आणि त्यांना हवा न पोचणारी जागाच हवी असते. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. त्यांनी मायेनेच केलं होतं.

दवाखान्यात जखम धुऊन हळद काढली, आत राहिलेली उसाची एक ढलपी निघाली. धनुर्वाताची सुई, प्रतिजैविक, पाय उशीवर उंच. साखर तपासली, ती वाढलेली निघाली. हे महत्त्वाचं, कारण साखर जास्त असली की न्यूट्रोफिलांचं काम मंदावतं. मग डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. साधं बॉलपेन घेतलं आणि नडगीवर लाली जिथे संपत होती तिथे कडेने निळी रेघ मारली, शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. "लाली रेघेच्या बाहेर गेली, हुडहुडी भरली, बोलण्यात भ्रम वाटला किंवा लघवी कमी झाली तर रात्र असो की दिवस, थांबू नका," एवढं काकूंना दोनदा सांगितलं.

शुक्रवारी लाली रेघेला टेकून होती. शनिवारी दोन बोटं आत सरकली. याच काळात पायात आवराआवर चालू होती. मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन मेलेल्या न्यूट्रोफिल गिळत होत्या आणि आता हाका थांबवा असे संदेश सोडत होत्या. शमन हेही शरीराचं एक वेगळं काम आहे, ते आपोआप विझणं नव्हे, हे गेल्या काही दशकांत उमगलं.

आठव्या दिवशी गेले तेव्हा पावलावरची कातडी सुरकुतून कांद्याच्या सालीसारखी निघत होती. तात्या उंबऱ्यावर पाय पसरून बसले होते. पुसट झालेल्या निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हितंवर आलंतं बघ."