उचल (ऊसतोड)

ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्याआधी मजूर जोडप्याला मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, मिळणारी आगाऊ मजुरी. बीड जिल्ह्यात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या पट्ट्यात घरचे लग्न, दवाखाना, जुनी देणी असे बरेच काही उचलीवर निभते. दसरा झाला की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात.

पैसा बहुधा बँकेचा असतो. कारखान्याच्या शिफारशीवर किंवा हमीवर तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराच्या नावे कर्ज म्हणून निघतो. ठेकेदार तो मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. व्यवहार मुद्रांकावर नोटरी करून होतो किंवा नुसता तोंडी. सही नवऱ्याची, बांधली जाते बायकोही. कारखाना आणि मजूर यांचे नाते मात्र कागदावर कुठेच उमटत नाही; सगळी मेख तिथेच आहे.

मजुरीचा दर साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांची संघटना) आणि कामगार संघटनांच्या करारात ठरतो. जानेवारी 2024 च्या करारात 34 टक्के वाढ होऊन तो टनाला 366 रुपयांच्या आसपास गेला. मुकादमाचे कमिशन वेगळे. आता हिशेब पाहा. उचल एक लाख असेल तर ती फिटायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन पडले, तरी 137 दिवस. गाळप 100 दिवसांत आटोपले तर फिटतात 73,200; बाकी 26,800. शिवाय किराण्यासाठी दर आठवड्याला मिळणारी खर्ची याच खात्यावर चढते: हजाराप्रमाणे 14 आठवड्यांचे 14,000 धरले की बाकी 40,800 होते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. काही ठिकाणी बाकीवर महिना शेकडा तीन ते पाच रुपये व्याजही लागते. वाढे (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकून आलेले पैसे तेवढे हातात खेळतात.

वजनकाट्याची पावती गाडीबरोबर फिरते, त्यामुळे आपला ऊस किती भरला हे टोळीला मुकादमाच्या वहीवरूनच कळते. पावतीचा फोटो आणि खेपांची स्वतःची नोंद ठेवणाऱ्या टोळ्यांचे पंधरवड्याच्या बिलात भांडण कमी होते.

कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात. त्याचा दंड पाचशे-हजारापर्यंत जातो, म्हणजे एका माणसाच्या दिवसभराच्या मजुरीहून जास्त. पाळी, बाळंतपण यांनाही सूट नसते. 2019 मध्ये बीडमधील सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांवर महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याची कारणे एकाहून अधिक असली, तरी खाड्याची धास्ती त्यांत मोठी आहे.

फसवणूक दोन्हीकडून होते. दोन मुकादमांची उचल घेऊन एकाकडेच जाणारी टोळी ठेकेदाराला बुडवते, कारण बँकेचा हप्ता त्याच्या ट्रॅक्टरवर असतो. वसुलीसाठी मजुरांना किंवा त्यांच्या मुलांना डांबून ठेवल्याच्या तक्रारीही पोलिसांत जातात. आगाऊ रकमेपोटी माणसाला अडकवून ठेवणे 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. प्रत्यक्षात अशी प्रकरणे बहुधा पैशांच्या देण्याघेण्याचा वाद म्हणून तडजोडीने मिटवली जातात.