निमित्ताची मैत्री

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातील बारा तरुणांवर केलेला एक छोटा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. हे तरुण व्यायामशाळेतील वल्ही मारण्याच्या यंत्रावर ४५ मिनिटे घाम गाळत. प्रयोगासाठी त्यांनी हाच सराव कधी एकट्याने केला, तर कधी शेजारी शेजारी बसून एका लयीत केला. त्यानंतर दंडाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो हळूहळू फुगवला जाई आणि ‘आता दुखते’ असे प्रत्येक जण कधी म्हणतो, हे टिपले जाई. कष्टाच्या वेळी मेंदूत एंडॉर्फिन नावाची वेदनाशामक द्रव्ये स्रवतात. ती थेट मोजायची तर पाठीच्या कण्यात सुई घालावी लागते, म्हणून वेदना किती सोसवते यावरून त्यांचा अंदाज बांधण्याची ही आडवाट. एकत्र वल्ही मारल्यानंतर या तरुणांना एकट्याने मारल्यानंतरच्यापेक्षा कितीतरी अधिक वेदना सोसवली. गंमत अशी, की दोन्ही वेळा त्यांनी लावलेला जोर सारखाच होता.

बारा जणांवरून साऱ्या पुरुषजातीचे नियम काढणे योग्य नव्हे, हे मान्य. तरीही ‘खांद्याला खांदा लावून’ हा आपल्या भाषेतला घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार शरीराला अगदी शब्दशः कळतो, एवढे तरी या प्रयोगातून दिसते. या तरुणांनी एकमेकांना मनातले काही सांगितले नव्हते, एकमेकांकडे धड पाहिलेही नव्हते. ते फक्त एकाच वेळी एकच काम करत होते.

पुरुषांच्या मैत्रीविषयी बोलताना बहुतेकदा तिच्यात काय नाही याचीच यादी होते: ते बोलत नाहीत, रडत नाहीत, ‘कसा आहेस’ला ‘मजेत’ यापलीकडे उत्तर देत नाहीत. या यादीत तथ्य आहे. परंतु नसलेल्या गोष्टींची यादी करून असलेली गोष्ट समजत नाही. पॉल राइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली एक साधे वर्णन केले होते: बायकांची मैत्री समोरासमोर बसते आणि पुरुषांची शेजारी शेजारी. दुसऱ्या प्रकारात दोघांची नजर एकमेकांवर नसते, तिसऱ्याच कशावर तरी असते. बिघडलेल्या मोटारसायकलीवर, कॅरमच्या सोंगटीवर, गळाच्या दोरीवर. या तिसऱ्या गोष्टीला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे निमित्त. अर्थात हे वर्णन सरासरीचे आहे. तासन्‌तास मन मोकळे करणारे पुरुष आणि गप्पांचा कंटाळा असणाऱ्या बायका आपल्या सर्वांच्या ओळखीच्या असतात.

निमित्तावर उभ्या असलेल्या मैत्रीचा कच्चा दुवा रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्‌स यांच्या एका अभ्यासात दिसतो. शाळा संपवून विद्यापीठात किंवा नोकरीला जाणाऱ्या तीस ब्रिटिश मुलामुलींच्या मैत्रीचा मागोवा त्यांनी १८ महिने घेतला. गाव सुटल्यावर कोणत्या मैत्र्या टिकतात आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न होता. मुलींच्या बाबतीत बोलणे चालू राहिले की जवळीक टिकत होती. मुलांच्या बाबतीत नुसत्या बोलण्याचा तसा उपयोग झाला नाही. एकत्र काही करणे, म्हणजे खेळणे, फिरणे, कुठेतरी जाऊन येणे चालू राहिले तरच मैत्री तग धरत होती. फोन हा मैत्रिणींचा पूल असेलही, पण मित्रांना मैदान लागते. मैदान गेले, की भांडण नसताना, काही बिनसलेले नसताना मैत्री नुसती विरून जाते.

माझे वडील मुंबईतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि बावीस वर्षे सकाळी सातच्या सुमारासच्या त्याच लोकलच्या त्याच डब्यातून जात असत. त्या डब्यात भजनी मंडळ होते. दोन टाळ, एक ढोलकी, आणि डब्याचा पत्रा हा पखवाज. शुक्रवारी फुटाण्याचा प्रसाद, दसऱ्याला झेंडूच्या माळा. मंडळातल्या लोकांची नावे वडिलांना नीट ठाऊक नव्हती; ‘बदलापूरवाले’, ‘टेलिफोनवाले’, ‘मास्तर’ अशी त्यांची ओळख होती आणि वडील स्वतः ‘फिटरशेठ’ होते. बावीस वर्षांत ते एकमेकांच्या घरी फारसे गेले नव्हते. आजोबा वारले तेव्हा मात्र तेराव्याच्या आधी यांतले चौघे दारात उभे राहिले. ते सांत्वनाचे एक वाक्य बोलले नाहीत. मास्तरांनी मंडपवाल्याचा हिशेब पाहिला, बदलापूरवाल्यांनी मोरीचा कित्येक महिने ठिबकणारा नळ पाना मागून घेऊन दुरुस्त केला, आणि चहा घेऊन ते गेले. वडील रडले ते त्या नळाकडे पाहून.

ऑस्ट्रेलियात या निमित्ताची रीतसर व्यवस्था लावली गेली आहे. तिथल्या घरांच्या परसात पत्र्याची शेड असते. अवजारे, खिळ्यांचे डबे आणि घराच्या मालकाचा एकांत तिच्यात नांदतो. निवृत्तीनंतर मोठे घर विकून लहान घरात जाणाऱ्या पुरुषाची शेडही जाते, आणि नोकरीबरोबर सोबतीही गेलेले असतात. १९९० च्या दशकात काही गावांनी यावर सामायिक शेडचा उपाय काढला. व्हिक्टोरिया राज्यातील टोंगाला या दूधदुभत्याच्या छोट्या गावात १९९८ साली डिक मॅकगोवन यांच्या पुढाकाराने ‘मेन्स शेड’ हे नाव लावून उघडलेली शेड अगदी सुरुवातीच्या शेडपैकी एक. २००७ साली या शेडची राष्ट्रीय संघटना झाली आणि आज एकट्या ऑस्ट्रेलियात अशा हजाराहून अधिक शेड आहेत. आयर्लंडमध्ये २०११ साली अशीच संघटना स्थापन झाली, ब्रिटनमध्येही हे लोण पोहोचले.

शेडमध्ये शिरणाऱ्याला कुणी ‘तुम्हाला काय त्रास आहे’ असे विचारत नाही. लाकडाचा भुसा, करवतीचा आवाज, दुरुस्तीला आलेल्या सायकली, बालवाडीसाठी बनणारी खेळणी असे दृश्य असते आणि कुणीतरी हातात पॉलिशपेपर देते. सकाळी कधीतरी काम थांबते आणि चहा होतो. ऑस्ट्रेलियन कामगारांच्या बोलीत या सुट्टीला ‘स्मोको’ म्हणतात. काही सभासद कामाला हात लावत नाहीत, ते फक्त स्मोकोपुरते येतात, आणि त्याबद्दल त्यांना कुणी काही म्हणत नाही. पुरुष तोंडासमोर तोंड करून बोलत नाहीत, खांद्याला खांदा लावून बोलतात, असे या चळवळीचे घोषवाक्य आहे. प्रोस्टेटची तपासणी, बायकोच्या आजारपणातले हाल, मुलाशी धरलेला अबोला हे विषय तिथे निघतात ते रंधा चालू असताना, मान खाली घालून. नजर लाकडावर असल्यामुळे वाक्य अर्धवट सोडण्याची सोय असते. ऐकणाऱ्यालाही लगेच काही उत्तर द्यावे लागत नाही, कारण त्याचेही हात गुंतलेले असतात. माझ्या मते शेडचे सारे मर्म या सोयीत आहे. बॅरी गोल्डिंग या बॅलरटच्या अभ्यासकाने अशा शिकण्या-शिकवण्याला ‘पेडॅगॉजी’ म्हणजे अध्यापनशास्त्र या शब्दावरून ‘शेडॅगॉजी’ असे थट्टेवारी वाटणारे पण चपखल नाव दिले. त्यांचा आग्रह असा, की येणाऱ्याला रुग्ण, ग्राहक किंवा विद्यार्थी समजायचे नाही. ज्या क्षणी एखादी शेड ‘एकाकी पुरुषांसाठी उपचार केंद्र’ अशी पाटी लावील, त्या क्षणी ती ओस पडेल.

या शेडमुळे आरोग्य नेमके किती सुधारते, याचे पुरावे मात्र अजून कच्चे आहेत. बरेचसे अभ्यास सभासदांच्या स्वतःच्या सांगण्यावर बेतलेले आहेत, आणि शेडपर्यंत चालत येणारा माणूस मुळातच घरात कोंडून बसलेल्यापेक्षा बऱ्या अवस्थेत असण्याची शक्यता असते.

सोबतीचा परिणाम अधिक काटेकोरपणे मोजायचा तर प्रयोगशाळेत जावे लागते. मार्कुस हाइनरिक्स आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३७ निरोगी पुरुषांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला आणि तोंडी हिशेब सोडवायला लावले. चेहरे निर्विकार ठेवून बसलेले परीक्षक आणि चुकलेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून, या जाचाने कुणाच्याही लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. काही जणांना तयारीच्या वेळी आपल्या सर्वांत जवळच्या मैत्रीतली व्यक्ती सोबत ठेवायची मुभा होती. त्यांचे कॉर्टिसॉल एकट्याने तयारी करणाऱ्यांपेक्षा कमी राहिले. ज्यांना सोबतीखेरीज ऑक्सिटोसिन या जवळिकीशी जोडल्या जाणाऱ्या संप्रेरकाचा नाकातून फवाराही मिळाला होता, त्यांचे सर्वांत कमी. ऑक्सिटोसिनच्या फवाऱ्याच्या प्रयोगांवर पुढे बरीच शंका घेतली गेली, त्यामुळे तो भाग मी बाजूला ठेवतो. परंतु ताणाच्या काळात जवळचे माणूस शेजारी असल्याने शरीर निवते, ही गोष्ट अनेक प्रकारे पुन्हा पुन्हा दिसली आहे. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड यांनी २०१० साली १४८ अभ्यासांतील ३,०८,८४९ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

मग मुलगे बोलत का नाहीत? ‘रडतोस काय मुलीसारखा’ हे ऐकत वाढल्याने त्यांना लाज वाटते, हे नेहमीचे उत्तर. मिसूरी विद्यापीठातील अमँडा रोझ यांनी जवळजवळ २,००० मुलामुलींना विचारले तेव्हा निराळेच काही निघाले. अडचणींविषयी मित्राशी बोलताना लाज वाटेल असे मुलग्यांनी मुलींपेक्षा अधिक प्रमाणात सांगितले नाही. त्यांचे म्हणणे होते, की ते विचित्र वाटेल आणि त्यात वेळ वाया जाईल. म्हणजे अडसर भीतीपेक्षा ‘याने होणार काय?’ या रोकड्या सवालाचा आहे. त्याच रोझ यांचा आणखी एक निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो. मैत्रीत एकच दुखणे पुन्हा पुन्हा उगाळत बसण्याचा परिणाम त्यांनी काही महिन्यांच्या अंतराने तपासला. मुलींमध्ये अशा उगाळण्याने मैत्री घट्ट झाली, पण उदासी आणि चिंताही वाढली. मुलग्यांमध्ये मैत्री घट्ट झाली आणि उदासी वाढली नाही. ज्यांना बोलणे वायफळ वाटते, त्यांनाच ते स्वस्तात पडते, असा हा उफराटा हिशेब आहे.

बोलण्याचे कसब मुलग्यांना जन्मतः नसते असेही नाही. निओबी वे यांनी अमेरिकेतील शहरी शाळांत वर्षानुवर्षे मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या. तेरा-चौदा वर्षांची मुले आपल्या मित्राविषयी, त्याच्यावाचून आपले काय होईल याविषयी विनासंकोच बोलत. पंधरा-सोळा ओलांडल्यावर त्याच मुलांच्या बोलण्यात ‘तसा आता कुणी नाही, पण चालते’ हा सूर येऊ लागे.

‘चालते’ म्हणत माणूस किती काळ चालतो, हे आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केली; त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रात नोंदले गेले. याची कारणे कर्ज, दारू, आजारपण, कौटुंबिक कलह अशी अनेक आहेत आणि मित्र नसणे एवढ्या एका कारणावर त्यांचा भार टाकता येणार नाही. तसेच नळ दुरुस्त करून जाणारी मैत्री जीव देण्याच्या विचारापाशी आलेल्या माणसाला पुरत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. तिथे शब्दच लागतात, आणि अनेकदा प्रशिक्षित माणसाचे लागतात; केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

हे शब्द पुरुषांना सुचू शकतात, फक्त तिथवर जायला वाट लागते. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. धोकादायक प्रमाणात दारू पिणारे ३७७ पुरुष तिच्यात होते. त्यांतील निम्म्यांना नेहमीच्या सल्ल्याखेरीज समुपदेशनाची मोजकीच सत्रे मिळाली आणि समुपदेशक होते मानसोपचाराचे शिक्षण नसलेले, पण या कामापुरते तयार केलेले साधे लोक. तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. दुसऱ्या गटात २६ टक्क्यांचे. यांतले बहुतेक जण पोटदुखी, ताप असल्या कशासाठी तरी आरोग्य केंद्रात आले असणार. मानसोपचारतज्ज्ञाची पाटी असती तर उंबरा ओलांडला नसता.

वडील निवृत्त झाले आणि सातची लोकल सुटली, तेव्हा मैत्रीही डनबारने सांगितलेल्या वाटेने विरत गेली. चार वर्षांपूर्वी आई गेली, त्यानंतर ते दिवसभर गॅलरीत बसून असत. एका रविवारी बदलापूरवाले काका पेटी खांद्यावर घेऊन आले. ‘फिटरशेठ, भात्यातून हवा सुटतेय, बघा जरा.’ वडिलांनी पेटी उघडली, भाता तपासला, कातडे चाचपले, एकेक सूर दाबून पाहिला. चहा झाला. काकांची नजर पेटीवर होती आणि वडील खाली मान घालून आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगत होते. आम्हा मुलांनाही ते त्यांनी कधी सांगितले नव्हते. काका निघाले तेव्हा वडील म्हणाले, ‘राहू दे इथेच, पुढच्या रविवारी ये. काम मोठे आहे.’

भात्याला काही झालेले नव्हते.