एक गाडी, दोन चाव्या आणि आपोआप सरकणारी सीट

आमच्या ग्राहकांसाठी. वाचून झाल्यावर हा कागद गाडीच्या मॅन्युअलसोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा आणि घरात जो जो गाडी चालवतो त्याला एकदा दाखवा.

"सीट आपोआपच मागं जाऊ राहिली. मोटर गेली वाटतं." असं सांगून आमच्याकडे गाडी आली की आम्ही आधी सीटखाली वाकत नाही. आधी विचारतो, घरात गाडी कोण कोण चालवतं? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: मी चालवतो, धाकटा चालवतो, कधीकधी वहिनी नेतात. दुसरा प्रश्न, दुसरी चावी कुठं आहे? "हे काय, इथंच," म्हणत ग्राहक खिशातून एकाच कडीत अडकवलेल्या दोन्ही चाव्या काढतात. तिथंच निम्मं काम झालेलं असतं. अशा गाड्यांची मोटर, वायरिंग, फ्यूज सगळं ठीक निघतं, स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड येत नाही.

जालन्यात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत गाडी क्वचितच एकट्याची असते. सोमवार ते शुक्रवार थोरले भाऊ मोंढ्यात नेतात, शनिवारी धाकटे मोसंबीच्या बागेवर, लग्नसराईत तर कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. सहा फुटांचा भाऊ आणि पाच फुटांची वहिनी एकाच सीटवर बसणार म्हणजे रोजची सरकवासरकव आली. मेमरी सीट, म्हणजे प्रत्येकाचं माप लक्षात ठेवून मोटरनं आपोआप तिथं सरकणारी सीट, त्यासाठीच असते. महिंद्राची एक्सयूव्ही ७००, टाटाच्या हॅरियर आणि सफारी अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये ती मिळू लागल्यापासून आपल्याकडेही बऱ्याच घरांत पोचली आहे. सोय फार चांगली आहे. गाडी देताना शोरूममध्ये सगळं एका दमात सांगतात, तेव्हा आपलं लक्ष हार-नारळाकडे असतं, म्हणून ही गोष्ट राहून जाते.

गाडी कुणाला ओळखते

चावीवरचं बटण न दाबता दार उघडतं तेव्हा काय होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं लक्षात राहील. तुम्ही हँडलला हात लावला किंवा त्यावरचं छोटं बटण दाबलं की दाराजवळचा अँटेना एक हलका सिग्नल सोडतो. हा साधारण १२५ किलोहर्ट्झचा असतो आणि दारापासून मीटर-दीड मीटरच्या पलीकडे जात नाही. तेवढ्या अंतरात चावी असेल तर ती जागी होते आणि ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःचा गुप्त क्रमांक पाठवते. क्रमांक जुळला की दार उघडतं. प्रत्येक चावीचा क्रमांक वेगळा असतो.

यात तुमचा चेहरा, उंची, वजन कुठंच येत नाही. गाडीला फक्त चावी कळते. काही गाड्यांमध्ये सीटची मेमरी चावीला जोडता येते. अशा गाडीत दार ज्या चावीनं उघडलं, सीट त्या चावीच्या माणसाच्या मापावर जाते. काही गाड्यांत जोडणी नसते, दारावरचे किंवा सीटशेजारचे १, २ आकडे दाबूनच सीट आणावी लागते. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे ते घरीच पाच मिनिटांत कळेल. एक चावी घरात लांब ठेवा, दुसरीनं दार उघडा, सीट कुठं येते बघा. मग चाव्या बदलून तेच करा. दोन्ही वेळा सीट वेगवेगळ्या जागी आली तर जोडणी आहे. काहीच हललं नाही तरी गाडी बिघडली असं समजू नका. जोडणी अजून केलेली नसेल किंवा ती सोयच त्या मॉडेलमध्ये नसेल. मॅन्युअल बघा, नाहीतर येता-जाता आम्हाला विचारा, एवढ्याचे आम्ही पैसे घेत नाही.

सगळा घोळ इथं होतो

आता ज्यासाठी हा कागद छापला ती गोष्ट. सीट चुकीच्या जागी आली की लोक ती सरकवून आपल्या मापाला आणतात, आणि आता कायमचं नीट करून टाकू म्हणून 'सेट' दाबून १ किंवा २ दाबतात. 'सेट' दाबणं म्हणजे जुनं पुसून नवं लिहिणं. पाटीवर दुसऱ्यानं लिहिलेलं तुम्ही पुसलं, हे त्या दुसऱ्याला कळायला मार्ग नाही.

आमच्याकडचंच उदाहरण. नवरा-बायको दोघं मिळून दवाखाना चालवतात, गाडी एक. १ वर डॉक्टर, २ वर मॅडम. दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये. मॅडम गाडीजवळ गेल्या, पर्समधल्या दोन्ही चाव्या गाडीच्या टप्प्यात आल्या, गाडीनं १ नंबरची धरली आणि सीट पार मागं गेली. मॅडमनी सीट पुढं घेतली, सेट दाबलं, १ दाबलं. संध्याकाळी डॉक्टर बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यांनी सीट मागं घेतली आणि सेट करून २ दाबलं. दुसऱ्या दिवशी आकडे उलटे झालेले, चाव्या मात्र जुन्याच आकड्यांना जोडलेल्या. आठवड्याभरात दोघांचीही खात्री पटली की सीटमध्ये शॉर्ट आहे, आणि गाडी आमच्याकडे आली. आमच्या मुलानं दोन तास घालवून ट्रिम, म्हणजे प्लास्टिकची आवरणं, काढून वायरिंग तपासलं. दुरुस्त करायला काही नव्हतंच.

म्हणून सीट चुकीच्या जागी आली तर 'सेट'ला हात लावू नका. फक्त आपला आकडा दाबा, सीट तुमच्या मापाला येईल. काही गाड्यांत सीट थांबेपर्यंत आकडा दाबून धरावा लागतो. बोट लवकर उचललं की ती मध्येच थांबते आणि "मेमरी अर्धीच चालते" अशी तक्रार होते. सीट सरकत असताना सीटचं दुसरं कोणतंही बटण दाबलं तरी ती थांबते. तो बिघाड नाही, कुणाचा पाय किंवा हात अडकला तर लगेच थांबवता यावं म्हणून ठेवलेली सोय आहे.

मेमरी एकदाच पण नीट भरायची पद्धत अशी. गाडी उभी, पार्किंगमध्ये, हँडब्रेक लावलेला. फक्त स्वतःची चावी जवळ, दुसरी घरात दहा-पंधरा मीटर लांब. रोज जे पायात घालता तेच घालून बसा, चप्पल आणि बूट यांत गुडघ्याचा फरक पडतो. पाठ पूर्ण टेकवून ब्रेक तळापर्यंत दाबा, तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आरसे लावा, कारण बऱ्याच गाड्यांत बाहेरचे आरसेही त्याच मेमरीत जातात. मग सेट दाबा आणि लगेच, चार-पाच सेकंदांच्या आत, आपला आकडा दाबा. टींग असा आवाज आला म्हणजे जमलं. उशीर केला तर गाडी काहीच लक्षात ठेवत नाही. चावी जोडायची क्रिया प्रत्येक कंपनीची वेगळी, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. नंतर दुसऱ्यानं स्वतःची चावी घेऊन हेच करायचं.

घरात तिघं-चौघं चालवणारे असतील आणि आकडे दोनच असतील तर घरातच ठरवा, आकडे कुणाचे. बाकीच्यांनी हवी तशी सीट सरकवावी, सेटला हात लावू नये. भाडोत्री ड्रायव्हर ठेवला असेल तर त्यालाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणि चाव्या वेगळ्या करा. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून अदलाबदल होते. एकीला लाल दोरा बांधला तरी पुरे. आमच्याकडे सिलिकॉनची कव्हरं वेगवेगळ्या रंगांत मिळतात, जोडी घेतली तर दोन्ही चाव्यांचे सेल आम्ही तिथंच तपासून देतो.

गाडी बंद केली की सीट मागं जाते आणि चालू केली की पुढं येते, हीसुद्धा नेहमीची तक्रार. ती उतरायला-चढायला जागा मिळावी म्हणून दिलेली सोय आहे आणि नको असेल तर बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवरून बंद करता येते. मात्र ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर लेकरू बसणार असेल तर ती बंदच ठेवा, असं आम्ही आग्रहानं सांगतो. मागं पाय लांब करून बसलेल्या किंवा उभ्या असलेल्या लेकरावर सीट आली तर काय होईल ते सांगायला नको. तिथं पाण्याचा जारही ठेवू नका. सीट त्याला रेटत राहते आणि मग मात्र मोटर खरंच जाते.

चावी खिशात गेली, गाडी पुढं गेली

दोघांच्या गाडीत हेही हमखास होतं. मुंबईची रेल्वे पकडायला भाऊ गाडी चालवत स्टेशनवर गेले, चावी खिशात. तिथून वहिनींनी गाडी घेतली आणि अंबडला निघाल्या. चावी दूर गेल्यावर गाडीनं आवाज केला, स्क्रीनवर सूचना दिली, पण इंजिन बंद केलं नाही. चालत्या गाडीचं इंजिन असं बंद होणं धोक्याचं, म्हणून ते मुद्दामच तसं ठेवलेलं असतं. अंबडला पोचून वहिनींनी गाडी बंद केली, आणि मग ती चालू होईना. तोवर भाऊंची रेल्वे कधीच पुढं निघून गेलेली. अशा वेळी फोन आमच्याकडे येतो, पण चावीशिवाय आम्हीही ती गाडी चालू करू शकत नाही आणि करू शकलो असतो तर ती गाडी सुरक्षित कशी राहिली असती? स्टिअरिंगवर माणूस बदलला की आधी चावी हातात घ्यायची, मग सीट लावायची.

सेल, ऊन आणि चार्जिंगचा पट्टा

दार कधी उघडतं, कधी उघडत नाही, असं झालं तर आधी सेल बघा. बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो. नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. सीआर २०२५ रुंदीला तेवढाच, पण जाडी २.५ मिलिमीटर. तो बसतो, पण सैल बसतो, आणि खड्ड्यातून गाडी गेली की चावी "सापडत नाही". दुकानदारानं "दोन्ही एकच" म्हटलं तरी घेऊ नका, जुना सेल सोबत न्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२च्या पुढं जातो, तेव्हा चावी उन्हातल्या बंद गाडीत किंवा डॅशबोर्डवर टाकून ठेवू नका. सेल लवकर उतरतो, आणि चावी आत राहिली तर गाडी चोरणाऱ्याचंही काम सोपं होतं.

काढलेला सेल लगेच कागदात गुंडाळून लेकरांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. लेकरानं तो गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. वाट न पाहता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

मोबाइल नुसता ठेवून चार्ज करायचा जो पट्टा गाडीत असतो, त्याच्याजवळ चावी ठेवू नका. तो १०० ते २०० किलोहर्ट्झच्या दरम्यान चालतो आणि चावीला जागं करणारा सिग्नलही तिथलाच. त्या गोंधळात गाडी "चावी नाही" म्हणते. तसंच पोर्चमध्ये गाडी आणि दारामागच्या खिळ्यावर चावी असेल तर चावी रात्रभर गाडीच्या टप्प्यात राहते, म्हणजे हँडलला हात लावणाऱ्या कुणालाही दार उघडू शकतं. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि डबा हातात घेऊन गाडीचं दार उघडतं का ते एकदा तपासा. उघडलं नाही म्हणजे डबा चांगला.

सेल पूर्ण गेला तरी अडकून पडायचं कारण नाही. चावीच्या आत लोखंडी पातं लपवलेलं असतं, ते काढून दार उघडा. बऱ्याच गाड्यांत कुलपाचं भोक हँडलच्या टोपणाखाली असतं. आत बसून ब्रेक दाबा आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबा. चावीतली चिप सेलशिवायही जवळून वाचता येते, म्हणून गाडी चालू होते. काही गाड्यांत चावी टेकवायची जागा वेगळी असते, ती घरी एकदा शोधून ठेवा. समृद्धी महामार्गावर रात्री शोधायची वेळ येऊ देऊ नका.

आमच्या कामाबद्दल

तपासणीचे ३०० रुपये आम्ही घेतो, दोष सापडो वा न सापडो. यावर काही ग्राहक नाराज होतात. पण स्कॅनर लावणं, व्होल्टेज मोजणं, दोन्ही चाव्यांनी गाडी चालवून बघणं यात तास जातो, आणि "मोटर चांगली आहे, बदलू नका" हे खरं उत्तर देण्याचेच ते पैसे आहेत. मोटर बदलून देणं आम्हाला जास्त सोपं आणि जास्त फायद्याचं पडलं असतं. पुढं दुरुस्ती निघाली तर हे ३०० बिलातून वजा करतो.

नवी चावी बनवायची असेल तर आरसी आणि मालकाचं ओळखपत्र मागतो, ओळखीच्या माणसाकडूनही. आणि घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या आणायला सांगतो, कारण बऱ्याच गाड्यांत नवी चावी नोंदवताना समोर नसलेली जुनी चावी यादीतून उडते. हरवलेली चावी अशी उडवून घेता येते हे मात्र चांगलं, चावी हरवली असेल तर ते काम लांबणीवर टाकू नका.

सीटची तक्रार असेल तर गाडी चालवणारे दोघंही या. एकानं येऊन दुसऱ्याची सीट लावता येत नाही. कोडिंगचं, म्हणजे गाडीच्या संगणकात चावी वगैरे नोंदवायचं, काम असेल तर सकाळी दहाच्या आत गाडी आणा. काम चालू असताना गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर लावून ठेवावा लागतो, आणि दुपारी लाइट गेली तर काम अर्ध्यावर सोडता येत नाही.