२००८ टीसी३

२००८ टीसी३ हा जेमतेम ४ मीटर व्यासाचा, म्हणजे लांबीला साधारण छोट्या कारएवढा एक लघुग्रह होता. "होता" कारण आता तो नाहीये, सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुदानवर येऊन फुटला. असले दगड पृथ्वीवर येतच असतात, त्यात नवल काही नाही. पण आदळायच्या आधी आकाशात सापडलेला आणि कुठे पडणार हे आधीच सांगता आलेला हा पहिलाच. आणि नंतर त्याचे तुकडेही हाती लागले, त्यामुळे दुर्बिणीतनं जे दिसलं ते प्रत्यक्ष दगडाशी ताडून बघता आलं. माझ्या मते याचं खरं महत्त्व तिथेच आहे, भाकीत वगैरे त्यानंतर.

६ ऑक्टोबर २००८ ला (आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते) अमेरिकेत अ‍ॅरिझोनात माउंट लेमनवरच्या दीड मीटरच्या दुर्बिणीतून रिचर्ड कोवाल्स्की यांना तो दिसला. ते कॅटालिना स्काय सर्व्हेत, म्हणजे पृथ्वीजवळचे लघुग्रह शोधणाऱ्या प्रकल्पात काम करायचे, आणि फोटोत सरकणारा फिकट ठिपका शोधणं हे तिथलं रोजचंच काम, त्यामुळे आधी कुणाला विशेष काही वाटायचं कारण नव्हतं. लघुग्रहांची जगभरातली निरीक्षणं जिथे गोळा होतात त्या मायनर प्लॅनेट सेंटरमध्ये कक्षा मांडली तेव्हा कळलं की हा थेट पृथ्वीवरच येतोय, मग नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने जागा आणि वेळ काढली, उत्तर सुदानचं न्यूबियन वाळवंट, आणि हातात वेळ उरलेला एक दिवससुद्धा नाही. जगभरातल्या हौशी आणि व्यावसायिक वेधशाळांनी तेवढ्यात पाचशेच्या वर निरीक्षणं घेतली. आदळायच्या तासभर आधी तो पृथ्वीच्या सावलीत शिरला आणि दिसायचा बंद झाला. नावाचं विचाराल तर त्यात काही काव्य नाही, टी म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा आणि सी३ म्हणजे त्या पंधरवड्यातला ७८ वा, बस्स.

७ तारखेला भारतीय वेळेने सकाळी सव्वाआठला, तिकडे पहाट होती, तो सेकंदाला साडेबारा किलोमीटरच्या आसपास वेगाने वातावरणात घुसला आणि ३७ किलोमीटर उंचीवर फुटला. ऊर्जा साधारण एक किलोटन टीएनटीची. मेटिओसॅट या हवामान उपग्रहाने तो झगमगाट टिपला, लांबवरच्या एका केएलएम विमानाच्या पायलटलाही उजेड दिसला, उत्तर सुदानातल्या वादी हाल्फा गावातून लोकांनी धुराच्या वेड्यावाकड्या रेषेचे फोटो काढले. जमिनीवर खड्डा वगैरे काहीच पडला नाही.

एवढ्या उंचीवर फुटला म्हणजे माल कच्चाच होता. वजन अंदाजे ८० टन धरतात, आतला जवळजवळ निम्मा भाग पोकळ असावा. पृष्ठभाग काळा, उजेडाचा जेमतेम ५ टक्के भाग परत पाठवणारा. फिरणं पण सरळ नव्हतं, सुमारे ९९ आणि ९७ सेकंदांच्या दोन वेगळ्या आवर्तनांत गटांगळ्या खात चाललेला, हे त्याच्या चमकेच्या चढउतारावरनं काढलं. ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने वर्णपट (कुठल्या रंगाचा उजेड किती परत येतो त्याचा आलेख) घेतला होता, तो एफ प्रकारच्या, म्हणजे काळपट लघुग्रहांशी जुळला.

तुकडे मिळतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. सेटी इन्स्टिट्यूटचे पीटर जेनिस्केन्स आणि खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद यांनी डिसेंबरात विद्यापीठाचे ४५ विद्यार्थी आणि कर्मचारी घेतले, वाळवंटात सगळे एका ओळीत उभे राहिले आणि नुसते चालत सुटले, बाकी तंत्रज्ञान म्हणाल तर डोळे. पहिल्याच दिवशी काळा दगड सापडला! पुढच्या मोहिमा धरून सहाशेच्या आसपास तुकडे, वजन मिळून साडेदहा किलोच्या घरात, म्हणजे ८० टनातलं एवढंच, बाकीचं हवेतच गेलं. या उल्कापाषाणांना अल्महाता सित्ता म्हणतात, जवळच्या सहा नंबरच्या रेल्वे स्टेशनावरून.

दगड निघाले युरेलाइट, म्हणजे कार्बन बराच असलेले दुर्मिळ दगडी उल्कापाषाण, आणि हा प्रकार मोठा कोड्यात टाकणारा. आधी युरेलाइटचा संबंध एस प्रकारच्या, म्हणजे उजळ दगडी लघुग्रहांशी लावायचे, इथे मात्र तो काळपट एफ प्रकाराशी जुळत होता. त्यातही सगळे तुकडे एकजात नाहीत, काही एन्स्टॅटाइट कॉन्ड्राइट आहेत, काही साधे कॉन्ड्राइट (कॉन्ड्राइट म्हणजे कधी पूर्ण न वितळलेले आदिम दगड), म्हणजे एवढ्याशा लघुग्रहात वेगवेगळ्या ठिकाणचा माल एकत्र चिकटलेला होता. युरेलाइटमध्ये बारीक हिरेही आहेत. २०१८ मध्ये काही संशोधकांनी त्या हिऱ्यांच्या आतले कण तपासून असं मांडलं की ते बुध ते मंगळाएवढ्या, पुढे फुटून गेलेल्या एखाद्या ग्रहाच्या पोटात तयार झाले असावेत. दुसऱ्यांचं म्हणणं, एवढा मोठा ग्रह कशाला हवा, टकरीच्या धक्क्यातही असे हिरे बनतात. तो वाद अजून मिटलेला नाही.

असे आधी दिसून मग पडलेले लघुग्रह पुढे आणखी सापडले. त्यातले पुढचे दोन, २०१४ एए आणि २०१८ एलए, हेही कोवाल्स्की यांनीच शोधले. पहिला अटलांटिकवर पडला त्यामुळे हाती काही लागलं नाही, दुसऱ्याचे तुकडे बोत्स्वानात मिळाले.