ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सुटा करावा का?

नेटफ्लिक्सवर एखादी मालिका लावली की तिचं चित्र ज्या सर्व्हरवरून आपल्या घरात येतं, त्यावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. १९९३ पासून जगभरातले लोक ती मिळून घडवत आले आहेत. गेली दहाएक वर्षं त्यांच्यात एका प्रश्नावर खल चालू आहे. सिस्टिमचा गाभा पूर्वीसारखा एकसंध द्यायचा, की त्याची सुटी पॅकेजेस, म्हणजे वेगवेगळी बसवता-काढता येणारी पुडकी, करायची आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं?

गाभा म्हणजे नुसता कर्नल नव्हे. कर्नल प्रोसेसर, मेमरी, डिस्क सांभाळतो. पण फायलींची यादी दाखवणारी, नेटवर्क जोडणारी, पासवर्ड तपासणारी शेकडो छोटी साधनं आणि लायब्रऱ्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड) सोबत नसतील तर त्या कर्नलचा माणसाला उपयोग नाही. लिनक्सच्या जगात कर्नल एका गटाचा, साधनं दुसऱ्यांची, आणि डेबियनसारखी वितरणं हे सगळं पॅकेजेसच्या रूपात जुळवून आणतात. फ्रीबीएसडीत मात्र कर्नल आणि साधनं एकाच भांडारात, एकत्रच वाढतात. ब्राउझरसारखं बाहेरचं सॉफ्टवेअर तेवढं पॅकेज म्हणून येतं. त्यामुळे सगळी पॅकेजेस पुसून टाकली तरी यंत्र शाबूत राहत असे.

या एकसंधपणाची किंमत कळायला मिसळणाचा डबा आठवावा. ‘फोडणी करून घ्या’ एवढंच सांगितलं तरी पुरतं, कारण डब्यात मोहरी, हिंग, हळद असणार हे गृहीत असतं. प्रोग्रॅम लिहिणाराही असाच काही गोष्टी गृहीत धरतो. त्यातली एखादी ऐच्छिक झाली, की प्रत्येक प्रोग्रॅमला आधी चौकशी करावी लागते : हे साधन आहे का, नसेल तर काय करू? फ्रीबीएसडी ज्या घराण्यातली आहे, त्या युनिक्सच्या इतिहासात हे घडून गेलं आहे. युनिक्स यंत्रावर सी भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालेल अशा रूपात आणणारं साधन, असायचाच, असं लोक धरून चालत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९२ मध्ये सोलारिस २ आणली तेव्हा कंपायलर वेगळा विकायला काढला. लोक मोठ्या संख्येने जीसीसी या मुक्त कंपायलरकडे वळले, पण ‘तो असणारच’ हा भरवसा गेला.

दुसरी अडचण चाचणीची. १० ऐच्छिक पॅकेजेस असतील तर १,०२४ प्रकारच्या सिस्टिम्स संभवतात. २० असतील तर १०,४८,५७६. ३०० झाली तर हा आकडा दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजी संख्येपेक्षाही मोठा होतो. एक पॅकेज दुसऱ्यावर विसंबून असल्यामुळे बऱ्याच जोड्या बाद होतात हे खरं, पण उरलेल्याही कोणी तपासू शकत नाही. शिवाय अपडेट अर्धवट झालं आणि जुन्या कर्नलवर नवी साधनं बसली, तर ती कर्नलकडे अशी सेवा मागू शकतात जी त्याला ठाऊकच नाही.

पॅकेज व्यवस्थेचा हिशेब चुकला तर काय होतं, हे २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरच्या व्हिडिओत लोकांनी पाहिलं. पॉप ओएस या लिनक्स वितरणावर तो स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर बसवत होता. कोणतं पॅकेज कशावर विसंबून आहे याचा मेळ बसेना, म्हणून व्यवस्थेने सगळा डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव ठेवला. खात्रीसाठी ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ एवढं टाइप करायचं होतं. त्याने ते केलं आणि डेस्कटॉप गेला. तो निष्काळजी होता असं मला वाटत नाही. गाभा आणि गेम एकाच यादीत, एकाच आज्ञेच्या टप्प्यात असले तर हे कोणाच्याही हातून होईल.

तरीही सुटं करण्याची मागणी रास्त आहे. शंभर सर्व्हर सांभाळणाऱ्याने गाभ्यात स्वतःचे बदल केले, तर ते सगळीकडे पोचवायला फ्रीबीएसडीत सोपी वाट नव्हती. अधिकृत अपडेट फक्त अधिकृत आवृत्त्यांसाठी. बाकीच्यांनी सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, सगळं बांधायचं आणि तासन्‌तास थांबायचं. गाभा पॅकेजेसमध्ये असला की एकदा बांधून सगळ्या यंत्रांवर पाठवता येतो. एकाच कामाच्या छोट्या कंटेनरमध्ये, म्हणजे यंत्रातच वेगळ्या आखलेल्या कप्प्यात, कंपायलर कशाला हवा? जे बसवलेलंच नाही, त्यातल्या सुरक्षा-त्रुटीची धास्तीही नाही. आणि गाभा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हती : पर्ल भाषा २००३ च्या ५.० आवृत्तीपूर्वीच बाहेर पडली, बाइंड हा डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा) २०१४ च्या १०.० मध्ये.

माझ्या मते पोचवण्यासाठी तुकडे करणं आणि निवडीसाठी तुकडे करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी शेकडो तुकडे चालतील, ते यंत्र मोजेल. माणसापुढे मात्र चार-पाचच मोठे गठ्ठे यावेत, प्रत्येक नीट तपासलेला. डिसेंबर २०२५ मध्ये आलेली फ्रीबीएसडी १५.० बरीचशी याच वाटेने गेली आहे. इन्स्टॉलर विचारतो : जुन्या पद्धतीने बसवू की पॅकेजेसने? पॅकेजेसची वाट अजून प्रायोगिक म्हणून दिली आहे, पण तिच्यात तुकड्यांवर ‘मिनिमल’, ‘बेस’ असे संच आहेत. जुनी पद्धत १६ व्या आवृत्तीत बंद करायचा बेत आहे. रोजच्या यंत्रावर मी ‘बेस’ संच पूर्ण घेईन, कंटेनरसाठी ‘मिनिमल’, आणि त्यांच्या आतल्या एकेका पॅकेजला हात लावणार नाही.