व्हिडिओ गेम मॉड : स्वामित्वहक्क

प्रकाशित खेळात चाहत्यांनी केलेल्या फेरबदलांवर, म्हणजे मॉडवर, मालकी कोणाची, हा कॉपीराइट व करार या दोन्ही कायद्यांच्या कक्षेतील प्रश्न. आद्य मॉड कोणता याविषयी मतभेद आहेत. ‘कॅसल वुल्फेन्स्टाइन’चे (१९८१) विडंबन असलेल्या ‘कॅसल स्मर्फेन्स्टाइन’ला बहुधा तो मान देतात, त्याचे वर्ष कोणी १९८१, तर कोणी १९८३ मानतात. ज्यांवरून हे विडंबन बेतले त्या स्मर्फ या निळ्या कार्टून पात्रांची दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९८१ मध्ये सुरू झाली, हे पाहता नंतरचे वर्ष अधिक संभवनीय वाटते. ‘डूम’मध्ये (१९९३) नकाशे, चित्रे व ध्वनी इंजिनापासून (खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमपासून) वेगळे काढून ‘वॅड’ नावाच्या फाइलींत ठेवलेले होते. त्यामुळे मूळ प्रोग्रॅमची प्रत न देता केवळ नवा भाग वाटता येऊ लागला आणि मालकीचा प्रश्न अवघड झाला.

मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन (१९९८) हा यातील मुख्य निवाडा. फॉर्मजेनकडे हक्क असलेल्या ‘ड्यूक न्यूकेम ३डी’ या खेळासाठी खेळाडूंनी बनवलेले ३०० नकाशे गोळा करून मायक्रो स्टारने ते सीडीवर विकले. नकाशाच्या फाइलीत चित्र नसते. कोणते चित्र कुठे बसवायचे एवढ्याच सूचना असतात, चित्रे मूळ खेळाच्या फाइलीतून येतात. म्हणून नक्कल झालीच नाही, असा बचाव होता. खेळ चालू असताना त्यात तात्पुरते बदल करणाऱ्या ‘गेम जीनी’ या उपकरणाच्या खटल्यात (१९९२) निन्टेंडो हरली होती, त्याचाही आधार घेतला गेला. अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने हा बचाव मानला नाही : पडद्यावरील दृश्य फाइलीत नेमके वर्णिलेले आहे, आणि हे नकाशे ड्यूकच्याच कथेचे पुढचे भाग आहेत. मात्र त्याच फाइली दुसऱ्या खेळात वेगळी कथा सांगू शकल्या असत्या तर निकाल निराळा लागला असता, असे तळटीपेत सुचवले आहे. त्यामुळे प्रत्येक मॉड साधित कृती (मूळ कृतीवर आधारलेली, म्हणून मूळ मालकाची परवानगी लागणारी कृती) ठरतो, हा निवाड्याचा अर्थ अतिव्याप्त दिसतो. नकाशे घडवणारे खेळाडू या खटल्यात पक्षकार नव्हते.

अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या कलम १०३ नुसार साधित कृतीच्या ज्या भागात मूळ कृती बेकायदा वापरली आहे त्या भागाला संरक्षण नाही. परवानगी असल्यास नवी भर तत्त्वतः मॉडकर्त्याची. व्यवहारात परवाना करारच निर्णायक ठरतो. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळावरील ‘डोटा’ हा मॉड अनेकांच्या हातून घडला. त्याच्या पहिल्या कर्त्याने २००४ मध्ये तो इतरांना खुला केला, म्हणजे हक्क सोडला काय, हा मुद्दा न्यायालयाने २०१७ मध्ये ज्यूरीवर सोपवण्याजोगा मानला. ब्लिझार्डने २०२० च्या धोरणात असे सर्व सानुकूल (खेळाडूंनी तिच्या साधनांनी घडवलेले) खेळ स्वतःच्या मालकीचे ठरवले. ‘स्कायरिम’ या खेळाचे मॉड स्टीम या ऑनलाइन खेळविक्री मंचावर विकण्याची योजना (एप्रिल २०१५) काही दिवसांतच मागे घेण्यात आली, तीत कर्त्याचा वाटा २५ टक्के होता.

युरोपीय न्यायालयाने सोनी विरुद्ध डेटेल प्रकरणात (२०२४) खेळ चालू असताना संगणकाच्या स्मृतीतील चलांची (बदलत्या आकड्यांची) मूल्ये बदलणे, प्रोग्रॅमचा मूळ वा लक्ष्य संकेत (सोर्स वा ऑब्जेक्ट कोड) न बदलता, हे युरोपीय संघाच्या संगणक-प्रोग्रॅमविषयक निर्देशानुसार उल्लंघन नाही, असे ठरवले.